वरचं एकशे चाळीस, खालचं नव्वद

सातवा महिना लागला की घरात बायकांची लगबग सुरू होते. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांची वाडी, दोन वाट्यांखाली झाकलेले पेढा आणि बर्फी. डोहाळजेवणाला जमलेल्या आत्या-मावश्यांचं पहिलं लक्ष पोरीच्या चेहऱ्याकडे जातं. ‘तोंड कसं भरून आलंय बघ!’ चुडा भरताना हात जड लागतो, मग नेहमीपेक्षा मोठ्या मापाच्या बांगड्या काढाव्या लागतात. बोटातली जोडवी रुतलेली असतात, ती साबण लावून सैल करतात. ‘सूज तर येतेच गं, माझ्या वेळी चपला होत नव्हत्या पायात,’ असं कुणीतरी म्हणतं, हसण्याखिदळण्यात विषय संपतो.

ते म्हणणं बहुतेक वेळा खरंच असतं. गरोदरपणात पायांना सूज येणं हे फारसं काळजीचं लक्षण नाही. अडचण अशी की ज्या आठवड्यांत हा समारंभ होतो, नेमक्या त्याच आठवड्यांपासून पुढे एक आजार डोकं वर काढतो आणि सुरुवातीला तो अगदी असाच दिसतो. भरलेला चेहरा, जड हात. त्या गर्दीत पोरीला सगळं विचारलं जातं. हिमोग्लोबिन किती, बाळाचं वजन किती, सोनोग्राफीत पाणी किती, डॉक्टर नॉर्मल म्हणतायत की सीझर. ‘बीपी किती आलं?’ हे विचारणारी बाई मला तरी क्वचितच भेटली आहे.

गरोदरपणात वरचं बीपी १४० किंवा त्याहून जास्त, किंवा खालचं ९० किंवा त्याहून जास्त, चार तासांच्या अंतराने दोनदा भरलं, तर ते वाढलेलं धरतात. विसाव्या आठवड्याच्या आधीच वाढलेलं असेल तर तो बहुधा तिचा जुनाच आजार असतो, फक्त आता कळलेला. विसाव्या आठवड्यानंतर पहिल्यांदा वाढलं तर ते गरोदरपणामुळे. त्याच्या जोडीला लघवीतून प्रथिनं जाऊ लागली, किंवा यकृत, मूत्रपिंड, मेंदू, रक्तातल्या प्लेटलेट यांपैकी कशावर परिणाम दिसू लागला, की त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. पूर्वी लघवीत प्रथिनं असल्याशिवाय हे नाव देत नसत. २०१३ साली अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ती अट काढली, कारण लघवी स्वच्छ असतानाही काही बायका थेट झटक्यांपर्यंत पोचत होत्या. झटके आले की तो एक्लॅम्प्सिया. आपल्याकडे त्याला फिट म्हणतात, खेड्यात आकडी.

शंभर गरोदर बायकांमध्ये साधारण दोन ते आठ जणींना प्रीएक्लॅम्प्सिया होतो. जगातल्या मातामृत्यूंपैकी साधारण दर सातवा मृत्यू गरोदरपणातल्या वाढलेल्या रक्तदाबाशी जोडलेला आहे. त्याच्या पुढे आहे तो फक्त रक्तस्राव. रक्तस्राव निदान दिसतो तरी. घरातल्या अडाणी माणसालाही कळतं की आता गाडी काढायला हवी. बीपी दिसत नाही. १६०/११० असलेली बाई भाकऱ्या थापत असते, ऑफिसला जाणारी लोकलच्या डब्यात उभी असते. तिला काही होत नसतं, हेच सगळ्यात वाईट.

हा आजार का होतो, याचा उलगडा वैद्यकाला अजून पूर्ण झालेला नाही, पण होतं काय ते बरंच कळलं आहे. त्याची सुरुवात वारेत होते. गर्भ रुजला की वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात आणि तिथल्या अरुंद, पिळदार रक्तवाहिन्या मोकळ्या, रुंद करून घेतात. ज्या बायकांना पुढे प्रीएक्लॅम्प्सिया होतो, त्यांच्यात हे काम अर्धवट राहिलेलं असतं. पाटाने यायचं पाणी ठिबकने येऊ लागतं. सुरुवातीला भागतं. बाळ वाढू लागलं, मागणी वाढली की वारेची उपासमार होते आणि ती उपाशी वार आईच्या रक्तात काही प्रथिनं सोडू लागते. तेव्हा बॉस्टनमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे मूत्रपिंडतज्ज्ञ अनंत करुमंची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली यातलं एक महत्त्वाचं प्रथिन दाखवून दिलं. आईच्या रक्तवाहिन्यांचं अस्तर ज्या घटकांवर निरोगी राहतं, तेच घटक हे प्रथिन पकडून ठेवतं. मग मूत्रपिंड गळू लागतं, यकृताला सूज येते, मेंदूतल्या वाहिन्या बिथरतात. बाळाची वाढ खुंटते. कधी प्रसूतीआधीच वार सुटते, आणि तेव्हा आई-बाळ दोघांचाही जीव मिनिटांवर येतो.

म्हणून बीपीची गोळी हा या आजाराचा इलाज नव्हे. गोळीने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका टळतो, दिवस मिळतात. आजार उतरायला लागतो तो वार बाहेर पडल्यावरच. ‘गोळी चालू केलीय ना, मग आता कशाला दवाखाना?’ असं सासरे किंवा नवरा विचारतो, तेव्हा त्याला सांगायची गोष्ट हीच. डॉक्टरांची सगळी कसरत असते ती तारखेची. बाळाला पोटात आणखी किती दिवस ठेवायचं आणि आईला आणखी किती दिवस धोक्यात ठेवायचं, याचा तो हिशेब. सौम्य आजारात ३७ आठवडे भरले की प्रसूती करतात. फार चढलेला असेल तर ३४ आठवड्यांनंतर थांबत नाहीत, आणि आईच्या जिवावर बेतलं तर त्याही आधी.

महिन्याच्या नऊ तारखेला कुठल्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जाऊन पाहावं. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाचा हा दिवस, २०१६ पासून ठरलेला. बाकांवर, पायऱ्यांवर, व्हरांड्यात गरोदर बायका, त्यांच्या सोबत सासू नाहीतर आशाताई. हातात माता-बाल संरक्षण कार्ड आणि लघवीची डबी. एका टेबलावर वजन, एकावर रक्त, एकावर बीपी. जोखीम बघून कार्डावर रंगीत स्टिकर लागतं. हिरवं म्हणजे ठीक, लाल म्हणजे जोखमीची, आणि गरोदरपणातल्या वाढलेल्या बीपीसाठी खास निळं. योजना आखणाऱ्यांनी या एका आजाराला स्वतंत्र रंग दिला, यातच त्याचं महत्त्व आलं.

आता बीपीच्या टेबलाशी पाच मिनिटं थांबावं. बाई उन्हातून चालत आलेली, दोन तास रांगेत उभी, लघवी रोखलेली. ती स्टुलावर टेकते न टेकते तोच दंडाला पट्टा. पाय लोंबकळलेले, पाठीला टेका नाही, पोलक्याची बाही अर्धी पट्ट्याखाली. एकीकडे पट्टा फुगतो, दुसरीकडे सिस्टर विचारत असतात, ‘शेवटची पाळी कधी? पहिलं मूल केवढं?’ आणि बाई उत्तरं देत असते. या सगळ्याने आकडा बदलतो. पुस्तकात सांगितलंय ते असं: पाच मिनिटं शांत बसवावं, पाठीला टेका, पाय जमिनीला टेकलेले, दंड उघडा आणि काळजाच्या पातळीला, तोंड बंद. पट्टा दंडाच्या मापाचा. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर बीपी आहे त्याहून जास्त दिसतं, आणि काटकुळ्या दंडाला मोठा पट्टा बांधला तर कमी. आपल्या खेड्यांतल्या काटकुळ्या बायकांच्या बाबतीत ही दुसरी चूक महागात पडते. पाऱ्याची यंत्रं गेली, डिजिटल आली. ती सोपी आहेत, पण प्रीएक्लॅम्प्सियात काही डिजिटल यंत्रं खरा आकडा कमी दाखवतात, म्हणून गरोदरपणासाठी पारखलेलंच यंत्र हवं.

सिस्टरवर राग काढण्यात अर्थ नाही. एका सकाळी इतक्या बायका तपासायच्या, नंतर तेवढ्याच नोंदी ऑनलाइन चढवायच्या, तर प्रत्येकीला पाच मिनिटं शांत बसवायचं कुठून? पण त्याचा परिणाम कार्डावर दिसतो. सलग पाच महिने ११०/७०, ११०/७०, ११०/७०. जिवंत माणसाचं बीपी इतकं एकनिष्ठ नसतं. असं कार्ड हातात आलं की मला तरी त्या बाईचं बीपी मोजलं गेलंय यावर विश्वास बसत नाही.

लघवीची तपासणी त्याहून सोपी. पट्टी बुडवायची, पिवळी हिरवट झाली की प्रथिनं आहेत. पट्ट्या संपल्या तर जुनी पद्धत आहेच. परीक्षानळीत लघवी घेऊन वरचा भाग तापवायचा, गढूळ झाली तर ॲसेटिक ॲसिडचे दोन-तीन थेंब टाकायचे; गढूळपणा टिकला तर प्रथिनं. जॉन लीव्हर नावाच्या डॉक्टरने लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये १८४३ साली झटके आलेल्या बायकांच्या लघवीत हाच गढूळपणा पाहिला होता. तेव्हा बीपी मोजायचं यंत्रही नव्हतं. आज ज्या तपासण्यांवर बाईचा जीव तोलला जातो, त्यांतली एक पावणेदोनशे वर्षांची आणि दुसरी सव्वाशे वर्षांची आहे. दोन्ही विजेशिवायही होतात.

या आजारावरचं काही मोलाचं काम आपल्या नागपुरात झालं आहे आणि नागपूरबाहेर ते फारसं कुणाला माहीत नाही. बीपी १६०/११० च्या वर गेलं की ते तासाभरात खाली आणायला हवं, नाहीतर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मोठ्या रुग्णालयात यासाठी शिरेतून इंजेक्शनं देतात. त्यांना पंप लागतो, मॉनिटर लागतो, डोळ्यांत तेल घालून बसणारी नर्स लागते. जिथे एका नर्सकडे अख्खा वॉर्ड, तिथे हे जमायचं कसं? म्हणून २०१५ ते २०१७ या काळात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे नागपूरकर ज्याला नुसतं ‘मेडिकल’ म्हणतात ते, आणि डागा स्त्री रुग्णालय या दोन सरकारी ठिकाणी एक चाचणी झाली. बीपी फार चढलेल्या ८९४ बायकांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं तीन गटांत वाटलं आणि तीन साध्या, तोंडाने घ्यायच्या औषधांपैकी एक दिलं. निफेडिपिन, लॅबेटालॉल किंवा मिथाइलडोपा. सहा तासांत कुठलाही अपाय न होता बीपी आटोक्यात आलं ते निफेडिपिनने ८४ टक्के बायकांत, लॅबेटालॉलने ७७ आणि मिथाइलडोपाने ७६ टक्के. हे निष्कर्ष २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापले. त्यांचा साधा अर्थ असा की तालुक्याच्या रुग्णालयात पंप नसेल तरी हात बांधून बसायचं कारण नाही. कपाटात गोळी आहे, ती द्या, तासाने पुन्हा मोजा.

याच दोन रुग्णालयांत त्याआधी आणखी एक प्रश्न सोडवला गेला होता. बीपी वाढलेल्या बाईची प्रसूती लवकर करायची, पण कळा आणायच्या कशा? गर्भाशयाच्या तोंडात फुग्याची नळी घालून, की मिसोप्रोस्टॉलची बारीक मात्रा दर दोन तासांनी तोंडाने देऊन? डॉ. शुचिता मुंडले आणि सहकाऱ्यांनी ६०२ बायकांमध्ये हे पाहिलं. गोळीच्या गटात ५७ टक्के बायका चोवीस तासांत नैसर्गिकपणे बाळंत झाल्या, नळीच्या गटात ४७ टक्के. २०१७ साली तेही ‘लॅन्सेट’मध्येच आलं. सरकारी रुग्णालयांच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. जगभरच्या प्रसूतिगृहांना उपयोगी पडणारी उत्तरं एका गजबजलेल्या सरकारी वॉर्डातून निघाली, आणि ती देणाऱ्या बायका विदर्भातल्या सामान्य घरांतल्या होत्या.

झटक्यांवरच्या औषधाची गोष्ट याहून जुनी आहे. मॅग्नेशियम सल्फेट म्हणजे एप्सम सॉल्ट, सुजलेले पाय गरम पाण्यात बुडवताना टाकतात ते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून काही डॉक्टर ते झटक्यांवर वापरत होते, बाकीचे त्याला हसत होते. भारतात अनेक वर्षं मद्रासच्या डॉ. कृष्ण मेनन यांचं तीन गुंगीच्या औषधांचं मिश्रण चालायचं. युरोपातले डॉक्टर डायझेपाम आणि फेनिटोइन देत. भांडण मिटलं १९९५ साली. भारतासह अनेक देशांतल्या १,६८७ बायकांवर झालेल्या चाचणीत मॅग्नेशियमने पुन्हा झटका येण्याचा धोका डायझेपामपेक्षा ५२ टक्क्यांनी आणि फेनिटोइनपेक्षा ६७ टक्क्यांनी कमी केला. २००२ मध्ये ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांवर ‘मॅगपाय’ नावाची चाचणी झाली. प्रीएक्लॅम्प्सियात हे औषध आधीच दिलं तर झटक्यांचा धोका निम्म्याहून खाली येतो, हे तिने दाखवलं. त्यानंतर वाद उरला नाही.

औषध स्वस्त आहे. दोन मिलिलिटरच्या एका काचेच्या ॲम्प्युलमध्ये एक ग्रॅम. सरकारी नियमांनुसार झटका आलेल्या बाईला उपकेंद्रातली परिचारिका, म्हणजे एएनएमसुद्धा पहिली मात्रा देऊ शकते: पाच ग्रॅम एका नितंबात, पाच दुसऱ्यात, आणि लगेच वरच्या रुग्णालयात रवानगी. डॉक्टरची वाट बघायची नाही. दहा ॲम्प्युल फोडायच्या, सुया मोठ्या, इंजेक्शन खोल आणि दुखणारं. समोर बाई दात आवळून थरथरतेय, नातेवाईक ओरडतायत. अशा वेळी हात न कापता दहा काचा फोडणं म्हणजे काय, ते जिने केलंय तीच जाणे. बऱ्याच जणी करत नाहीत. त्यांना भीती वाटते ती औषधाची. मात्रा जास्त झाली तर श्वास थांबतो, हे त्यांना शिकवलेलं असतं आणि ते खोटं नाही. पण त्याच्या आधी गुडघ्याचा झटका जातो. म्हणून पुढच्या प्रत्येक मात्रेआधी तीन गोष्टी बघायच्या: गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो का, श्वास मिनिटाला किमान सोळा आहेत का, आणि चार तासांत निदान शंभर मिलिलिटर लघवी झाली का. काही बिघडलंच तर कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन हा उतारा शेजारीच ठेवलेला असतो. पहिल्या मात्रेने एखादी दगावेल या भीतीने औषधच न देता गाडीत घातलेली बाई वाटेत दुसऱ्या झटक्याने दगावण्याची शक्यता कितीतरी जास्त असते.

सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी इथे एक वेगळा विचार मांडला. अमेरिकी बायकांच्या वजनावर बेतलेली मात्रा आपल्या लहान चणीच्या बायकांना जशीच्या तशी कशाला? त्यांनी कमी मात्रेची पद्धत वापरून २००३ साली तिचे अनुभव प्रसिद्ध केले. बांगलादेशातही त्याच दिशेने काम झालं. जागतिक आरोग्य संघटना अजून पूर्ण मात्राच सांगते, आणि मोठी चाचणी होईपर्यंत ते योग्यही आहे. पण प्रश्न बरोबर होता, आणि तो सोलापुरातून विचारला गेला.

घरात झटका आला तर काय करायचं? आपल्याकडे चप्पल हुंगवतात, कांदा फोडून नाकाशी धरतात, दातांत चमचा अडकवतात. बाहेरची बाधा म्हणून अंगारा लावणारे आहेतच. यातलं काही करू नये. तिला डाव्या कुशीवर वळवावं म्हणजे लाळ-उलटी श्वासनलिकेत जाणार नाही, आसपासच्या टोकदार वस्तू सारून घ्याव्यात, तोंडात काही घालू नये, आणि १०८ ला फोन लावावा. पहिल्या झटक्यानंतर बाई शुद्धीवर येते, ‘आता बरं वाटतंय’ म्हणते. तिथेच लोक फसतात.

झटक्याच्या आधी बहुतेक वेळा सूचना मिळते, फक्त ती ओळखीच्या वेशात येते. डोकं ठणकतं, गोळीने थांबत नाही. घरचे म्हणतात, ऊन लागलं. डोळ्यांपुढे अंधारी येते, काजवे चमकतात. म्हणतात, अशक्तपणा, दूध घे. छातीखाली, उजव्या बाजूला बरगडीशी दुखतं, मळमळतं, उलटी होते. म्हणतात, पित्त झालं. हे ‘पित्त’ सगळ्यात फसवं. सातव्या महिन्यानंतर बरगडीखालचं दुखणं हे यकृताचं असू शकतं, आणि तेव्हा रक्तातल्या प्लेटलेटही घसरत असतात. सोडा पाजून किंवा ॲसिडिटीची गोळी देऊन झोपवण्याआधी बीपी मोजायला हवं. एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी या लेखाची पानं वाया गेली नाहीत असं मी समजेन.

महाराष्ट्राची परिस्थिती वाईट नाही, हेही सांगायला हवं. नमुना नोंदणी सर्वेक्षणाच्या २०१८-२० च्या आकड्यांनुसार देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या, महाराष्ट्रात ३३. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यातल्या सुमारे ९५ टक्के प्रसूती दवाखान्यात झालेल्या दिसतात. त्याच सर्वेक्षणात प्रसूतीआधी किमान चार तपासण्या झालेल्या बायका मात्र साधारण ७० टक्केच आहेत. म्हणजे बाळंत व्हायला बाई दवाखान्यात पोचते, पण त्याआधीच्या नऊ महिन्यांत तिच्याकडे लक्ष ठेवलं गेलंच असं नाही. रक्तस्रावाशी लढायला प्रसूतीच्या दिवशी दवाखाना गाठला तर निम्मं काम होतं. बीपीला ते पुरत नाही. ते आठवड्यामागून आठवडे बघत राहावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच आपल्या बायका जागा बदलतात.

पहिलं बाळंतपण माहेरी. मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात आईकडे येते आणि तिची सगळी तपासणी सासरच्या गावी राहते. तिथला डॉक्टर वेगळा, इथला वेगळा. फाइल कधी येते, कधी कपाटात राहते. तिसऱ्या महिन्यात तिचं बीपी १००/६० होतं हे नव्या डॉक्टरला माहीत नसतं. म्हणून नवव्या महिन्यात आलेलं १३६/८८ त्याला ‘नॉर्मल’ वाटतं. त्या मुलीसाठी ती मोठी उडी असते.

दुसरं स्थलांतर जास्त कठोर आहे. दसरा झाला की बीड, जालना, पाथर्डी या पट्ट्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, मुकादमाकडून घेतलेली उचल अंगावर, एक दिवस बुडाला की खाडा आणि त्याचे पैसे कापले जातात. गरोदर बाई यातून सुटत नाही. पहाटेच्या अंधारात मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या, रात्री कोपीत परत. तिच्या गावच्या आशाताईच्या वहीत ती नोंदलेली आहे पण गावात नाही. कारखान्याच्या गावात ती आहे पण तिथल्या वहीत नाही. २०१९ साली बीडच्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, समिती नेमली गेली. त्या निमित्ताने या बायकांच्या आरोग्यावर बोललं गेलं, पण गाळप हंगामात पाचवा ते नववा महिना काढणाऱ्या बाईचं बीपी कोण मोजणार, हा प्रश्न अजूनही त्या त्या गावातल्या एखाद्या नेक एएनएमच्या भरवशावर सुटतो. साखर कारखान्याच्या आवारात उसाच्या वजनाचा काटा दिवसरात्र चालू असतो. तिथेच आठवड्यातून एकदा बीपीचं यंत्र घेऊन एक नर्स बसवणं कारखान्याला जड जाणार नाही, आणि हे काम कारखान्यांनी करायलाच हवं असं माझं स्पष्ट मत आहे.

बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांत काही वर्षांपूर्वी आशाताईंच्या हाती बीपीचं यंत्र आणि टॅब्लेटवरचं ॲप देऊन घरोघरी तपासणीचा मोठा प्रयोग झाला. पाकिस्तान आणि मोझांबिकमध्येही तो झाला. एकूण निकाल निराशाजनक आला. नुसतं यंत्र दारात पोचवून मृत्यू आणि गुंतागुंती कमी झाल्या नाहीत. पण ज्या बायकांच्या घरी आठ किंवा अधिक वेळा भेट झाली, त्यांच्यात फरक दिसला. मोजणं एकदाचं उरकायचं काम नाही, आणि मोजल्यावर गाडी, औषध आणि पुढचं रुग्णालय जागेवर नसेल तर आकडा कार्डावरच राहतो.

टाळण्याचे उपाय मोजकेच आहेत. ज्या बायकांच्या जेवणात कॅल्शियम कमी, त्यांना ते गोळीतून दिलं तर प्रीएक्लॅम्प्सिया कमी होतो. आपल्याकडे चौदाव्या आठवड्यापासून दिवसाला पाचशे मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या फुकट मिळतात. त्या लोहाच्या गोळीसोबत घ्यायच्या नाहीत, कारण कॅल्शियम लोहाला शोषू देत नाही. बंगळूर आणि टांझानियात प्रत्येकी अकरा हजार बायकांवर झालेल्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिवसाला एकच पाचशेची गोळी तीन गोळ्यांइतकीच उपयोगी ठरली. ‘एवढ्या गोळ्या कोण गिळणार’ म्हणून गाठोडं कोपऱ्यात ठेवणाऱ्या बायकांसाठी ही चांगली बातमी आहे. दुसरा उपाय ॲस्पिरिनचा. ज्यांना धोका जास्त, म्हणजे आधीच्या खेपेला हा आजार झालेला, जुनं बीपी, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, जुळी, त्यांना बारा आठवड्यांच्या सुमाराला सुरू करून रोज रात्री लहान मात्रा दिली तर ३७ आठवड्यांआधी होणारा प्रीएक्लॅम्प्सिया बराच कमी होतो. २०१७ च्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत तो ६२ टक्क्यांनी कमी झाला. ही गोळी मनाने घ्यायची नाही आणि पाचव्या महिन्यात उशिरा सुरू करून फारसा उपयोग नाही. म्हणून पहिल्या भेटीतच डॉक्टरांना सगळा इतिहास सांगायचा; आई किंवा बहिणीला झालं असेल तर तेही. मीठ बंद करण्याने हा आजार टळत नाही. नुसतं पडून राहण्यानेही नाही.

शहरातल्या वाचकांना हे सगळं दूरचं वाटत असेल तर सांगतो, पस्तिशीनंतरचं पहिलं गरोदरपण, वाढलेलं वजन, आयव्हीएफ, जुळी, या सगळ्यांनी धोका वाढतो, आणि या गोष्टी पुण्या-मुंबईत जास्त आहेत. अंगाने धडधाकट असण्याचाही भरवसा नाही. ऑलिंपिक पदकविजेती अमेरिकी धावपटू टोरी बोवी २०२३ साली आठव्या महिन्यात घरी मृतावस्थेत सापडली. शवविच्छेदनात एक्लॅम्प्सियाची शक्यता नोंदवली गेली. ती ३२ वर्षांची होती.

आणि बाळ झालं की धोका संपला, हा समज सर्वांत पक्का आहे. प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसांत बीपी सगळ्यात वर जातं, म्हणजे नेमकं डिस्चार्ज घेऊन बाई घरी आल्यावर. सगळ्यांचे डोळे पाळण्याकडे असतात. तिचं डोकं दुखतं तर ‘जागरणं होतायत’. झटका प्रसूतीनंतरही येऊ शकतो, काही वेळा कित्येक आठवड्यांनीही. रक्तस्राव थांबवायला देतात ते मिथर्जिनचं इंजेक्शन बीपी असलेल्या बाईला चालत नाही, म्हणून बाळंतपणाच्या खोलीत जाताना तिचं बीपी वाढलेलं होतं ही गोष्ट सोबतच्या माणसाने तोंडाने सांगावी, कागदावर विसंबू नये. पुढच्या आयुष्याचंही तेच. प्रीएक्लॅम्प्सिया होऊन गेलेल्या बाईला पुढे कायमचं बीपी होण्याची शक्यता तिप्पट-चौपट, हृदयविकार आणि पक्षाघाताची साधारण दुप्पट. पन्नाशीत डॉक्टर तिला साखर विचारतात, कोलेस्टेरॉल विचारतात. तीस वर्षांपूर्वीच्या बाळंतपणात काय झालं होतं हे तिने आपण होऊन सांगितलं पाहिजे.

घरात गरोदर बाई असेल तर प्रत्येक भेटीतला बीपीचा आकडा कार्डावर आहे ना ते बघा, माहेरी निघताना ते कार्ड पिशवीत सगळ्यात आधी टाका. १४०/९० दिसलं तर पुढच्या महिन्याच्या तारखेची वाट बघू नका. बाळंतीण घरी आली की त्या आठवड्यात निदान दोनदा तिचं बीपी मोजून घ्या, जवळच्या औषधाच्या दुकानात यंत्र असतं. आणि दीड महिन्याने बाळाला लस द्यायला न्याल तेव्हा आईचाही दंड पुढे करायला सांगा. पट्टा तिथे टेबलावरच असतो, पण मागितल्याशिवाय बांधला जाईलच असं नाही.